पंखा खाणारी रेती

बारामती तालुक्याच्या पश्चिम अंगाला, मोरगावच्या बाजूने, लोणी भापकर हे गाव आहे. नीरेच्या कालव्याने ज्यांना भिजवले नाही अशा जिराईत गावांपैकी हे एक. पाण्याचे मोल मात्र या गावाने फार जुन्या काळापासून जाणले. मल्लिकार्जुनाच्या देवळाजवळची घडीव दगडांची पुष्करणी यादवकाळातली म्हणून ओळखली जाते. पशुरूपातला यज्ञवराहही याच गावात आहे. पाण्यात बुडालेली पृथ्वी सुळ्यावर उचलून वर आणणारा हा देव पाण्यासाठी आसुसलेल्या मुलखात उभा आहे. पाणी आणि त्यातली माती वेगळी करायची, हे काम इथल्या माणसालाही पिढ्यान् पिढ्या करावे लागले.

वळवाचा पहिला पाऊस पडला, ओढे फुगले, की कुंडात उतरणारे पाणी चहाच्या रंगाचे असते. ते निवळायला किती वेळ लागतो, हे त्यातल्या कणाच्या जाडीवर ठरते. ०.१ मिलिमीटरचा रेतीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटे घेतो. त्याच्या दहापट बारीक, ०.०१ मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी तीन तास लागतात. आणि काळ्या रानातल्या चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरचा कण तीन दिवसांहून अधिक काळ तरंगत राहतो. म्हणजे पुष्करणीतले पाणी गढूळ दिसते तेव्हा त्यातली जाड रेती केव्हाच तळाला बसलेली असते. डोळ्यांना खुपतो तो बारीक गाळ. धातू खातो तो तळाशी बसलेला जाड कण.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पाणी उपसण्याचा जो शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, तो या एका फरकाभोवती फिरतो. मोट गेली, इंजिन आले, विजेची मोटर आली, बोअरमध्ये पाणबुडी मोटर उतरली. दर टप्प्यावर पाण्याचा वेग वाढला आणि वेग वाढला तसतशी रेतीची जाडी अधिकाधिक महाग पडत गेली. विहिरीवरच्या माणसांना हे प्रयोगशाळेच्या आधी कळले होते.

दगडाला कोण खाते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. शिरूर आणि पारनेर तालुक्यांच्या हद्दीवर, निघोज आणि टाकळी हाजी या गावांच्या मधून कुकडी नदी वाहते. तिच्या पात्रातले रांजणखळगे पाहायला माणसे दुरून येतात. काळ्याकुळकुळीत बेसॉल्टमध्ये माणूस उभा राहील एवढे खोल, आतून रांजणासारखे गुळगुळीत खड्डे. एकट्या पाण्याने ते कोरले गेले नाहीत. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे आणि रेती गरगर फिरत राहिली, एकाच जागी घासत राहिली, आणि हजारो वर्षांत खडकाला भोक पडत गेले. त्याच पुराबरोबर कितीतरी टन बारीक गाळ वाहून गेला, पण त्याने खडकावर ओरखडासुद्धा उमटवला नाही. पाणी वळले तिथे तोही निमूटपणे वळला. गोट्याला वळता आले नाही, म्हणून तो खडकावर आदळला. पंपाच्या पोटात घडते ते याहून वेगळे नाही. नदीला जे करायला हजारो वर्षे लागली, ते पंपात एका हंगामात होते.

आधी मोटेकडे वळू. कातड्याची मोठी पिशवी, तिची सोंड, जाड नाडा, बारीक सोल, विहिरीच्या काठावरचे चाक, बैलांना उतरायला उताराची धाव आणि मोट जिथे रिकामी होई ते थारोळे. परसात मोजल्या जाणाऱ्या खोलीतून बैलजोडी पाणी वर काढी. या साऱ्या यंत्रात पाण्याचा वेग बैलाच्या चालीइतकाच. मोटेत गाळ आला, रेती आली, मुरमाचे खडे आले, तरी कातड्याचे फारसे बिघडत नसे. मोट फाटे ती विहिरीच्या कडेला घासून, कुजून किंवा तेलपाण्याची हयगय झाल्यामुळे. रेतीचा खरा त्रास व्हायचा तो दोराला. ओल्या नाड्यात कचखडी रुतून बसे आणि तो नाडा कानसच बने. जुन्या बारवांच्या काठच्या दगडांवर दोरांनी पाडलेल्या खोल खाचा आजही बोटाने चाचपता येतात. दोर मऊ आणि दगड कठीण, तरी दगड झिजला, कारण घासण्याचे काम दोरात अडकलेला कण करत होता.

थारोळ्याचेही एक काम सहसा ध्यानात येत नाही. मोटेचे पाणी धप्पकन त्यात पडे, तिथे त्याचा जोर मोडे आणि मगच ते पाटाला लागे. जोर मोडला की जाड रेती तळाला बसते. आजच्या अभियंत्याच्या भाषेत ती एक छोटी अवसादन टाकीच होती. रानात जाणारे पाणी त्यामुळे बारीक मातीचे, पिकाला मानवणारे असे. विहिरीच्या गाळाचेही तेच. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की गाळ काढायचा, ही रीत पाण्याचे झरे मोकळे व्हावेत म्हणून होती. पण तिच्यामुळे तळाची रेतीही दर वर्षी बाहेर निघे आणि पुढच्या काळात, पंप आल्यावर, या जुन्या रीतीचे मोल दुप्पट झाले.

पंप आला तो किर्लोस्करवाडी आणि सातारा रोडच्या वाटेने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना मांडला. आधी नांगर, कडबा कापायची यंत्रे, उसाचे चरक निघाले, आणि १९२० च्या दशकात तिथे सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागले. साताऱ्याजवळच्या सातारा रोड इथल्या धनजीशा कूपर यांच्या कारखान्याची डिझेल इंजिने १९३० च्या दशकात शेतकऱ्यांच्या बांधावर पोहोचली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा खडकीचा कारखाना १९४६ चा. विहिरीवर इंजिनाचा धूर आणि त्याचा ठोका आला, आणि बैल धावेवरून हळूहळू उतरले.

सेंट्रिफ्यूगल पंपात एक चकती फिरते. गावाकडचे मिस्त्री तिला पंखा म्हणतात, कारखान्यात तिला इंपेलर म्हणतात. पाणी तिच्या मध्यातून आत शिरते, पात्यांवरून बाहेर फेकले जाते आणि त्या फेकण्याच्या जोरावर नळातून वर चढते. पट्ट्याने इंजिनाला जोडलेला जुना पंप सावकाश फिरे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, खेड्यापाड्यांत तारा पोहोचल्या आणि दोन ध्रुवांची मोटर थेट पंपालाच जोडलेली मिळू लागली. ती मिनिटाला २९०० च्या आसपास फेरे घेते. १३ सेंटिमीटर व्यासाच्या पंख्याची कड अशा वेळी सेकंदाला २० मीटर धावते, म्हणजे ताशी सुमारे ७० किलोमीटर. बैलाच्या चालीच्या वीस-पंचवीस पट.

रेतीने होणारी झीज वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, ती त्याहून पुष्कळ जोराने वाढते. वेग दुप्पट झाला की झीज चौपट ते आठपट होते. या हिशेबाने, मोटेला जी रेती वर्षानुवर्षे जाणवलीही नव्हती तीच पंपाच्या पंख्याला शेकडो ते हजारो पट जोराने खाऊ लागली. विहीर तीच होती, वाळूही तीच.

इथे कणाच्या जाडीचे कोडे उभे राहते आणि ते नीट समजून घेण्याजोगे आहे. ०.२ मिलिमीटरचा कण ०.०२ मिलिमीटरच्या कणापेक्षा दहापट जाड असला, तरी वजनाने तो हजारपट असतो. तेव्हा एकाच वेगाने आदळला तर त्याचा तडाखाही हजारपट. पण पाण्यात एक किलो माती आहे असे धरले, तर जाड कण जितके असतील त्याच्या हजारपट बारीक कण असतील. तडाखा हजारपट मोठा आणि संख्या हजारपट कमी, मग किलोमागे झीज सारखीच व्हायला हवी. प्रत्यक्षात ती तशी होत नाही. बारीक कण फार कमी झीज करतात, आणि फारच बारीक असतील तर जवळपास करतच नाहीत.

याचे उत्तर निघोजच्या भोवऱ्यात आहे. पात्यापाशी पाणी वळते. हलका कण त्या वळणाबरोबर वळतो आणि पात्याला न शिवता निघून जातो. जड कण आपल्या जोरात सरळ जातो आणि आदळतो. शिवाय पात्यालगत पाण्याचा एक पातळ थर असतो. कण जवळ आला की मधले पाणी पिळून बाहेर पडावे लागते आणि ते गादीसारखे काम करते. बारीक कण त्या गादीतच थबकतो, जाड कण ती फोडून धातूपर्यंत पोहोचतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात एच. एम. क्लार्क यांनी १९९० च्या सुमारास भांड्यात वाळूमिश्रित पाणी ढवळून नेमके हेच मोजले. कण धातूवर प्रत्यक्ष किती वेगाने आणि किती संख्येने आदळतात, याचा आकडा पाण्याच्या वेगावरून धरलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी निघाला, आणि कण जितका लहान तितकी ही तूट मोठी. त्याआधी १९६० मध्ये इयान फिनी यांनी झीज ही कणाच्या कोनावरही कशी अवलंबून असते ते मांडले होते. पोलादासारखा लवचीक धातू तिरप्या माऱ्याने, वीस ते तीस अंशांत, सर्वांत जास्त सोलला जातो. काचेसारखा ठिसूळ पदार्थ मात्र समोरासमोरच्या माऱ्याने तडकतो.

आपल्याकडे या प्रश्नावर चांगले काम झाले आहे. रुरकीच्या आयआयटीतील देसले, गांधी आणि जैन या संशोधकांनी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर वेगवेगळ्या जाडीच्या क्वार्ट्झ वाळूचा मारा करून, जाडी वाढते तशी झीज कशी वाढते ते मोजले. त्यांचा निबंध २००९ मध्ये 'वेअर' या नियतकालिकात आला. वाळूचे वेगवेगळे ढीग चाळून घ्यायचे, प्रत्येकाची तेवढीच मात्रा पाण्यात मिसळायची, वेग आणि कोन तोच ठेवायचा आणि धातूचे वजन किती घटले ते पाहायचे. प्रयोग साधा आणि हात काळे करणारा आहे. विहिरीवरच्या मिस्त्रीलाही तो लगेच पटेल.

जाडीबरोबर कणाचा कठीणपणाही पाहावा लागतो. खनिजांच्या कठीणपणाच्या दहाच्या मापात क्वार्ट्झ सातवर बसते. पंख्याचे बिडाचे लोखंड चार-पाचच्या आसपास, गनमेटल त्याहून खाली. दख्खनच्या बेसॉल्टमधली मुख्य खनिजे पाच ते साडेसहा या पट्ट्यातली, म्हणून इथली काळी रेतीही पंख्याला पुरेशी भारी पडते. त्यात बेसॉल्टच्या पोकळ्यांतून सुटलेले गारगोटीचे तुकडे असले, तर ते क्वार्ट्झच. काळ्या रानातली चिकणमाती मात्र मऊ, आणि इतकी बारीक की ती पात्याला लागतच नाही. जुन्या माणसांची परीक्षा साधी होती: पाण्याचा थेंब दाताखाली घ्यायचा. नुसता गाळ असेल तर काही लागत नाही. रेती असेल तर कचकन लागते. एवढी सोपी आणि एवढी अचूक परीक्षा दुसरी नाही.

नीरा कालव्याने या भागाला बागाईत केले, पण त्याच्या पाण्यातला गाळ वेगळ्या जातीचा होता. १८७६-७८ च्या दुष्काळाने पुण्याच्या पूर्वेकडचे तालुके होरपळले. त्यानंतरच्या वर्षांत भोरजवळ भाटघरला वेळवंडी नदीवर धरण उभे राहिले आणि नीरा डावा कालवा बारामती, इंदापूरकडे वाहू लागला. १९२७ मध्ये त्याच जागी मोठे लॉइड धरण पुरे झाले. धरणात पाणी थांबते, थांबले की जाड रेती तिथेच बसते, आणि कालव्यात उतरते ती बारीक मळई. रानाला ती खतासारखी मानवली. कालव्याकाठच्या पंपांनाही तिने फारसा त्रास दिला नाही. त्रास आला तो दुसऱ्या दिशेने. पाणी जास्त झाले, निचरा नव्हता, जमिनी खारवट आणि पाणथळ झाल्या. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर १९१० मध्ये पुस्तिका लिहिली. कालव्यांचे असे प्रश्न सोडवण्यासाठी मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये एक खास विभाग काढला. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र याच रोपट्याचा वृक्ष आहे. क्लॉड इंग्लिस यांनी तिथे नद्यांचे आणि कालव्यांचे छोटे नमुने बांधून गाळ कुठे बसतो, कुठे वाहतो, नदी कुठे वळते याचा अभ्यास उभा केला. १९४९ मध्ये निघालेला त्यांचा ग्रंथ जगभर वाचला गेला. नीरेच्या काठच्या शेतकऱ्याच्या पडीक झालेल्या तुकड्यापासून सुरू झालेला हा प्रवास मराठी वाचकाला अभिमान वाटावा असा आहे.

कणाच्या जाडीचा नियम सह्याद्री आणि हिमालय यांच्यातला फरकही उलगडतो. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ चे. लोणावळा परिसरातल्या तलावांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली कोसळते आणि चाके फिरवते. एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्यात रेती असती तर चाके टिकली नसती. पण ते पाणी महिनोन् महिने तलावात थांबलेले असते. हिमालयातल्या वाहत्या नदीवरच्या प्रकल्पांना ही सोय नाही. सतलजवरचा १५०० मेगावॅटचा नाथपा झाकडी प्रकल्प घ्या. तिथे डोंगराच्या पोटात प्रत्येकी ५२५ मीटर लांबीचे चार कक्ष खोदावे लागले. पाणी त्यातून संथपणे जाते आणि ०.२ मिलिमीटरपेक्षा जाड कण खाली बसतात. त्याहून बारीक कण आत जातातच, आणि सतलजची वाळू क्वार्ट्झने भरलेली असल्यामुळे टर्बाइनच्या पात्यांची झीज तिथल्या अभियंत्यांच्या पाचवीला पुजलेली आहे. थारोळ्याचेच काम, फक्त अर्धा किलोमीटर लांबीचे.

कालव्यामागून ऊस आला आणि उसामागून साखर. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला, त्याभोवती वालचंदनगर वसले, आणि पुढे हेच गाव साखर व सिमेंट कारखान्यांची यंत्रे बनवू लागले. सहकाराच्या काळात माळेगाव, भवानीनगर आणि सोमेश्वरनगर इथे कारखाने आले. गुऱ्हाळाच्या चरकात रेतीचा प्रश्न मर्यादित होता, कारण ऊस हाताने निवडून लावला जाई आणि चरक सावकाश फिरे. कारखान्याच्या गव्हाणीत मात्र मोळ्याच्या मोळ्या पडतात. पाऊस लांबला, रान ओले असले की बुडख्यांना चिकटलेली माती उसाबरोबर आत येते. काळ्या मातीचा चिखल रसात मिसळतो, तो पुढे निवळणीत मळीबरोबर निघून जातो. मुरमाड रानातून आलेली जाड रेती मात्र रोलरचे दात बोथट करते, रसाच्या पंपांचे पंखे खाते आणि नळाच्या वळणांना पातळ करते. नळ फुटतो तो बहुधा बाकावर, सरळ भागात नव्हे, कारण वळणावर जाड कणाला वळता येत नाही. हंगाम संपला की रोलर उतरवायचे, दात नव्याने पाडायचे, झिजलेल्या ठिकाणी वेल्डिंगने कठीण धातू चढवायचा, हे काम कारखान्यात दर वर्षी न चुकता होते. साखरेच्या उताऱ्याबद्दल खूप लिहिले गेले. उसासोबत येणाऱ्या मातीबद्दल फार थोडे लिहिले गेले, आणि तिची किंमत लोखंडात मोजावी लागते.

१९७२ चा दुष्काळ हा या इतिहासातला मोठा वळणबिंदू. विहिरी आटल्या, माणसे खडी फोडायला गेली, आणि कठीण बेसॉल्टमध्ये झपाट्याने बोअर मारणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. बोअरवर हातपंप बसले. जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या पाणीप्रकल्पांत घडवलेल्या मजबूत हातपंपांपासूनच पुढे 'इंडिया मार्क टू' हा देशभर गेलेला पंप तयार झाला. त्याच्या सिलिंडरमध्ये पाणी उचलणारा कातड्याचा वायसर होता. बोअरमधून रेती आली की ती कातड्यात रुतून बसे आणि दांड्याच्या दर हेलकाव्याला सिलिंडर खरवडे. मोटेच्या नाड्याचे दुखणेच इथे नव्या रूपात परतले. १९८० च्या दशकात कोइमतूरजवळ वर्षानुवर्षे चाललेल्या चाचण्यांत कातड्याऐवजी नायट्राइल रबराचे वायसर लावले गेले आणि ते अधिक काळ टिकले. रबर लवते, बारीक गोल कण त्यावर आदळून परततो. मोठा धारदार खडा मात्र रबरालाही फाडतो, म्हणून खाणीतल्या चिखलाच्या पंपांना रबराचे अस्तर लावायचे की कठीण लोखंडाचे, हा निर्णयही कणाच्या जाडीवरच घेतात.

मग पाणबुडी मोटर आली. चार-सहा इंचांच्या बोअरमध्ये एकाखाली एक रचलेले अनेक पंखे, खाली मोटर, आणि शेकडो फूट खोलवरून येणारे पाणी. विहिरीला तळ होता, तिथे रेती बसायला जागा होती. बोअरमध्ये ती जागाच नाही. नव्या बोअरमध्ये खडकाची भुकटी आणि टोकदार चुरा भरलेला असतो. नदीतल्या वाळूचे कोपरे वाहून वाहून गोल झालेले असतात, पण हा चुरा ताजा फुटलेला, धारदार. तोच कण गोल असला तर दाबतो, टोकदार असला तर कापतो. म्हणूनच नवी बोअर आधी हवेने फ्लश करून, पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडून द्यायचे, ही रीत पडली. घाईत हे टाळले, की काही महिन्यांतच मोटर वर ओढावी लागते. पंख्यांच्या कडा पानासारख्या पातळ होतात, बुशांमध्ये खेळ येतो, पाणी कमी पडते, मोटर गरम होते आणि वायंडिंग जळते. घरचा माणूस म्हणतो मोटर जळाली. मिस्त्री पंखा हातात घेऊन सांगतो, मोटर नाही, रेतीने घात केला.

या मिस्त्रींचे ज्ञान मोठ्या आदराने नोंदवायला हवे. बारामती, इंदापूर, नीरा या बाजारगावांत मोटर रिवाइंडिंगची दुकाने पन्नास-पन्नास वर्षे चालली आहेत. पंखा पाहून ते सांगतात की बोअर मुरमात आहे की कातळात. कडा गोलसर, चकचकीत झिजल्या असतील तर बारीक वाळू. पृष्ठभागावर खरखरीत ओरखडे असतील तर जाड कच. एका बाजूलाच खड्डे असतील तर पंख्याला पाणी कमी पडले. त्यांच्या उपायांतही तेच शहाणपण दिसते: मोटर बोअरच्या तळापासून वर टांगायची, पाणी एकदम जोरात न उपसता थोडे दाबून चालवायचे, म्हणजे खडकाच्या फटीतून रेती ओढली जात नाही. पुस्तकात हाच उपाय प्रवेशवेग कमी करा अशा शब्दांत सांगितलेला असतो.

ठिबक सिंचनाने या कथेला एक उलटे वळण दिले. जळगावच्या जैन इरिगेशनने आणि बारामतीजवळच्या शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राने ठिबक घराघरात नेले. ठिबकच्या मुखाशी हायड्रोसायक्लोन नावाची शंकूसारखी टाकी लावतात. तिच्यात पाणी गरगर फिरते, जड रेती कडेला फेकली जाऊन खाली उतरते. हे निघोजचे रांजणखळगेच, फक्त लोखंडात केलेले. पण बारीक चिकणमाती तिथून निसटते, जाळीतूनही जाते आणि शेवटी तोटीच्या बारीक भोकाशी साचून ते बुजवते. पंपाला जो कण निरुपद्रवी, तोच तोटीला वैरी. म्हणून एकाच शेतकऱ्याला एकाच पाण्यासाठी दोन वेगळी युद्धे लढावी लागतात.

भीमेच्या काठी एक दुःखाची बाजूही आहे. १९८० मध्ये पुरे झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातल्या पात्राची वाळू बुडाली आणि बांधकामाच्या तेजीत ती सोन्यासारखी झाली. सक्शन पंप बसवलेल्या बोटी रात्रीच्या वेळी तळाची वाळू पाण्यासकट ओढून नळातून काठावर फेकू लागल्या. महसूल खात्याच्या पथकांनी अशा बोटी जिलेटिनने उडवल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. वाळू आणि पाण्याचा हा लगदा वाहून नेणारा पंप हा पंखे खाण्याच्या बाबतीत सर्वांत भुकेला. पण त्याहून मोठी झीज नदीची आहे. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो, गाळून विहिरींना देतो. तो उपसला गेला की काठच्या विहिरी खोल जातात, बोअर आणखी खोल मारावी लागते आणि तिथून पुन्हा टोकदार कच मोटरीत येते.

लोणी भापकरच्या जिराईत पट्ट्यासाठी आता जनाई-शिरसाईसारख्या उपसा योजनांच्या पाण्याची वाट पाहिली जाते. ते पाणीही मोठे पंपच चढवतात, आणि त्या पंपांचे आयुष्यही कणाच्या जाडीवरच ठरते. पुष्करणीच्या पायऱ्यांवर, पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांनी बसलेला गाळ बोटांत चोळून पाहिला, तर तो साबणासारखा गुळगुळीत लागतो. तळाला हात घातला तर रेती लागते.

वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. घरात, गोठ्यात किंवा मोटरच्या पेटीत झिजलेला पंखा, तुटलेला कातड्याचा वायसर किंवा मोटेचे लोखंडी कडे पडलेले असेल, तर ते भंगाराला देण्याआधी एकदा नीट पाहा. त्यावर गावाचे नाव, विहिरीची किंवा बोअरची खोली आणि साल लिहून गावच्या शाळेत ठेवा. बारामती-इंदापूरच्या जमिनीखालच्या पाण्याचा पन्नास वर्षांचा इतिहास त्या धातूवर कोरलेला आहे, आणि तो वाचायला येणारे मिस्त्री अजून आपल्यात आहेत.